लक्ष्मीबाई टिळक: एका आईची आठवण



नोव्हेंबर महिना मृतांच्या स्मरणाचा. मिस्सेसाठी दिलेल्या नावांत आया व आज्या यांचीच नावे अधिक असतात, हे आम्ही दरवर्षी पाहतो. पेडणे महाल १७८८ साली पोर्तुगीजांकडे आला, त्यापूर्वी तो सावंतवाडीकरांचा होता. म्हणून येथे घरचे बोलणे कोंकणी असले तरी वाचनाची भाषा पुष्कळांची मराठीच राहिली. तेव्हा मराठीत लिहून गेलेल्या एका ख्रिस्ती मातेचे स्मरण आज करावे, असे आम्हांस वाटले.

लक्ष्मीबाई टिळक आपल्या कॅथलिक मंडळीतील नव्हत्या, प्रॉटेस्टंट होत्या. एखाद्या वाचकाच्या कपाळी आठी पडेल. परंतु १९६४ साली व्हॅटिकन धर्मसभेने विभक्त बंधूंच्या ठायी दिसणारे ख्रिस्ताचे दान आनंदाने मान्य करावे असे सांगितले आहे, व ते येथे सांगितल्यावाचून आम्हांस राहवत नाही.

१८६८ साली नाशिकजवळ जलालपूर येथे गोखल्यांच्या घरी त्यांचा जन्म झाला. वडिलांचे सोवळे इतके कडक की घरची माणसे जेरीस यावीत. अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांशी लग्न झाले. नवरा कवी, विद्वान, पण हाती पैसा आला की दुसऱ्यास देऊन मोकळा होणारा. अशा घरी चूल पेटती ठेवणे काय असते, ते आमच्या वाचक भगिनींस सांगावयास नको. काही मुले बालपणीच दगावली. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. अक्षरओळख पतीनेच करून दिली.

१८९५ च्या फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आकाशच कोसळले. पदरी लहानगा दत्तू. आधार तो बहिणीच्या घरचा. लोक नाना बोलत. पतीशी पत्रव्यवहार राहिला, पण त्याच्या धर्मात त्या लागलीच गेल्या नाहीत, हे लक्षात घ्यावे. वर्षानुवर्षे त्यांनी मनाशी झगडा केला. जातिभेद ईश्वराने केलेला नाही हे प्रथम त्यांच्याच विचाराला पटले, शिवाशीव सुटली, आणि मग १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. पतीच्या मागे मुकाट्याने जाणारी ही श्रद्धा नव्हती. घरातील बाईची श्रद्धा म्हणजे पुरुषाच्या श्रद्धेची सावली, असे मानणारे आमच्या धर्मग्रामांतही कमी नाहीत!

पुढे अहमदनगरास त्यांच्या घरात पोटच्या दत्तूबरोबर तारा वाढली. आणखीही निराधार मुले आली व घरचीच झाली. प्लेगच्या दिवसांत आजारी मुलींजवळ जाण्यास लोक भीत, तेव्हा त्या गेल्या.

१९१९ साली टिळक वारले. ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्राचे काव्य दहा अध्यायांवर अडले होते. ज्या बाईला जोडाक्षरे जड जात, तिने पुढचे चौसष्ट अध्याय रचले. आमच्या गोव्यात १६१६ साली पाद्री स्टीफन्स यांचे मराठी ख्रिस्तपुराण छापले गेले, त्याच वाटेवरचे हे काम.

परंतु ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मवृत्त आम्हांस अधिक मोलाचे वाटते. देवदत्ताला, म्हणजे त्याच दत्तूला, वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते. त्यासाठी त्याने आईकडे आठवणी मागितल्या. आई लिहू लागली आणि हसत हसत स्वतःचेच आयुष्य सांगून गेली. पतीचे दोष लपविले नाहीत, स्वतःचा वेडेपणाही नाही; कोणाबद्दल कडवटपणा मात्र नाही. १९३४ पासून त्याचे भाग निघू लागले.

आमच्या घरांतील आजीजवळ अशाच गोष्टी असतात: कोणत्या पावसात घर पडले, कोणी मुंबईस जाऊन पैसे धाडले, कोणते अर्भक बाप्तिस्म्यापूर्वी गेले. संध्याकाळी जपमाळ संपली की ती बोलू लागते, आणि आपण जेवायला उठतो. नातवंडांपैकी कोणी वही घेऊन जवळ बसावे. पुढल्या वर्षी मृतांच्या यादीत नाव आल्यावर विचारावयास कोणी राहत नाही.

लक्ष्मीबाईंचा अंत २४ फेब्रुवारी १९३६ रोजी झाला. आत्मवृत्ताचा चौथा भाग तेव्हा अपुरा होता. तो देवदत्ताने पुरा केला.