डोक्यात इलेक्ट्रोड असेल, तर ईईजीच्या चिठ्ठीवर तसं लिहा!

पार्किन्सनवरची ‘डीप ब्रेन स्टिम्युलेशन’ म्हणजेच डीबीएस शस्त्रक्रिया मुंबईत जसलोकसारख्या रुग्णालयात दोन दशकांहून अधिक काळ होत आहे. नाशिकचा एखादा रुग्ण त्यासाठी मुंबई गाठतो. पण पुढे कधी घरी शुद्ध हरपली, तर ईईजी नाशिकमध्येच काढला जातो. डोक्यात काय बसवलं आहे, हे चिठ्ठीवर लिहिलेलं असेलच असं नाही. गडबड तिथेच होते.

ईईजी मेंदूचे संदेश थेट मोजत नाही. ते कवटीचं हाड ओलांडून त्वचेपर्यंत येतात तेव्हा उरतात फक्त काही मायक्रोव्होल्ट, म्हणजे व्होल्टचे दशलक्षांश भाग. हाडातून वीज सहज जात नाही, त्यामुळे संदेश क्षीण होतात आणि पसरतातही.

डीबीएससाठी कवटीला साधारण १४ मिलिमीटरचं छिद्र पाडतात. तिथला अडथळा कमी झाला, की त्या भागातल्या लहरी मोठ्या आणि टोकदार दिसू लागतात. याला ‘ब्रीच ऱ्हिदम’ म्हणतात. १९७९ मध्ये कॉब आणि सहकाऱ्यांनी त्याचं वर्णन केलं. मेंदू तोच, फक्त खिडकी उघडी! गंमत म्हणजे, १९२४ मध्ये माणसाचा पहिला ईईजी नोंदवणाऱ्या हान्स बर्गर यांनीही सुरुवातीला कवटीत फट असलेलेच रुग्ण निवडले होते.

मात्र हीच टोकदार लहर फिट्सची खूण समजली गेली, तर नको असलेली गोळी वर्षानुवर्षं चालू राहते. गाडी चालवणं बंद होतं, ‘फिट येते’ हा शिक्का बसतो तो वेगळाच.

उलटंही घडतं. फिट्सच्या शस्त्रक्रियेआधी काही रुग्णांच्या मेंदूवर सिलिकॉनच्या पातळ पट्टीत बसवलेले इलेक्ट्रोड ठेवतात. सिलिकॉन विजेला अडवतं. त्यामुळे पट्टीखालचा संदेश बाहेर फिका पडू शकतो.

आणि यंत्र चालू असेल तर?

डीबीएस यंत्र बहुतेकदा सेकंदाला सुमारे १३० स्पंदनं सोडतं, तीही काही व्होल्टची. मायक्रोव्होल्टच्या कुजबुजीशेजारी हा भोंगाच. ईईजी यंत्र सेकंदाला २५६ नमुने घेत असेल आणि योग्य फिल्टर नसेल, तर स्पंदनांचा २६० हर्ट्झचा दुसरा पट कागदावर ४ हर्ट्झची संथ लहर बनून उमटू शकतो. मोबाइलच्या व्हिडिओत पंखा उलटा फिरताना दिसतो, तसंच हे. नवख्या डोळ्याला ती मेंदूचीच लहर वाटेल.

डीबीएसमुळे मेंदूच्या काही लहरी खरोखरही बदलतात, त्यामुळे खरं-खोटं वेगळं करणं तज्ज्ञांनाही सोपं नसतं. म्हणूनच माहितीशिवाय अहवाल वाचायला लावणं, हा डॉक्टरांवरही अन्यायच.

उपाय फुकटचा आहे. ईईजीच्या प्रत्येक अर्जावर एक रकाना हवा: कवटीची शस्त्रक्रिया झाली आहे का, कोणत्या बाजूला, आत यंत्र आहे का, ते आत्ता चालू आहे का? डायबेटिसचा रकाना असतो, मग हाच का नसावा? तोवर घरच्यांनी यंत्राचं ओळखपत्र सोबत न्यावं आणि तंत्रज्ञाने वायरी लावण्याआधीच सांगावं. यंत्र बंद करायचं की नाही, हे मात्र डीबीएसच्या डॉक्टरांनाच विचारा. ते बंद होताच कंप आणि ताठरपणा परतू शकतो.