त्रिपक्षीय टेबलावर आमची खुर्ची कुठे आहे?

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. पुढच्याच महिन्यात दिल्लीत त्यांच्या अध्यक्षतेखाली त्रिपक्षीय मजूर परिषद भरली. सरकार, मालक आणि कामगार समोरासमोर बसले. आज जिला आपण भारतीय श्रम परिषद म्हणतो, तिची सुरुवात ही अशी आहे.

या परिषदेची ४६ वी बैठक २०१५ मध्ये झाली. त्यानंतर २०१९ आणि २०२० मध्ये चार कामगार संहिता संसदेत मंजूर झाल्या. २९ कायदे मोडीत काढले गेले, पण त्यासाठी परिषद एकदाही बोलावली गेली नाही! बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार घालायचा आणि त्यांनी मांडलेले टेबल उचलून ठेवायचे, हा दुटप्पीपणा आम्ही ओळखतो.

सरकार म्हणेल, मसुदे हरकतींसाठी खुले होते. मित्रहो, हरकत मागवणे म्हणजे सल्लामसलत नव्हे. भारताने १९७८ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार क्र. १४४ स्वीकारला आहे. मान्य न केलेल्या करारांचा फेरविचार मालक-कामगार प्रतिनिधींसोबत करा, आणि अशी सल्लामसलत वर्षातून किमान एकदा तरी करा, असे तो सांगतो. मग संघटना स्वातंत्र्याचा करार ८७ आणि सामूहिक वाटाघाटीचा करार ९८ भारताने अजून का स्वीकारला नाही? त्या चर्चेत काय ठरते, हे गटारात उतरणाऱ्या माणसाला कोणी सांगितले आहे का?

पण केवळ सरकारला शिव्या देऊन आमचे काम संपत नाही. कामगारांच्या बाजूला बसतो कोण, हेही विचारावे लागेल. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्याची दारे अस्पृश्यांना बंद होती. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी तो प्रश्न उभा केला, कारण कामगार चळवळीच्या पुढाऱ्यांना तो दिसतच नव्हता. १९३८ मध्ये मनमाडला त्यांनी भांडवलशाहीबरोबर ब्राह्मणशाहीलाही कामगारांचा शत्रू म्हटले, ते उगाच नव्हे.

आज तेच नव्या रूपात चालू आहे. नव्या औद्योगिक संबंध संहितेनुसार हजेरीपटावरील ५१ टक्के कामगार ज्या युनियनकडे, तीच वाटाघाट करणार. कंत्राटी सफाई कामगाराचे नाव मूळ मालकाच्या हजेरीपटावर नसतेच. कचरा तोच उचलतो, पण मोजणीत तो नाही. जो मोजला जात नाही, तो दिल्लीच्या टेबलापर्यंत पोहोचणार कसा?

म्हणून आमची मागणी दुहेरी आहे. श्रम परिषद ताबडतोब बोलवा. आणि केंद्रीय युनियन्सनी आपल्या शिष्टमंडळात कंत्राटी सफाई कामगार, घरकामगार आणि ऊसतोड मजुरांना बसवावे, पाहुणे म्हणून नव्हे, बोलणारे प्रतिनिधी म्हणून.

तरुणांनो, आपल्या वस्तीतल्या कंत्राटी कामगारांची नोंदणीकृत संघटना उभी करा. खुर्ची कोणी आणून देत नसते.

जयभीम!