सुट्या छपराचा बंदोबस्त
रांजणगावच्या कारखान्यात 2021 पासून जुळणी होऊ लागलेल्या जीप रँग्लरचे काढता-घालता येणारे कठीण छप्पर, वैशाखातल्या दुपारी पुण्याजवळच्या मांजरी गावाच्या रस्त्यावर गाडी उभी असताना, ज्याने आतून तळहात लावून एकवार पाहिले, त्याला त्या छपराची उणीव निराळी समजावून सांगावी लागत नाही. संमिश्र द्रव्याचे ते पातळ कवच सूर्याची उष्णता शोषून प्रवाशांच्या मस्तकावर उत्सर्जित करते, आणि सोलापूर रस्त्यावर वेग वाढताच ढोलाच्या कातड्याप्रमाणे थरथरून वाऱ्याचा व टायरांचा नाद दुणावते. ही दोन दुःखे भिन्न, म्हणून त्यांचे उपायही भिन्नच हवेत. कंपनासाठी ब्यूटिल रबराच्या जड पट्ट्या मोठ्या सपाट भागांच्या मध्यावर रूळ फिरवून घट्ट चिकटवाव्यात; उष्णतेसाठी त्यांवर बंद पोकळ्यांचा फोम घालावा, कारण तो पावसाळ्यातली ओल धरून ठेवीत नाही; आणि चकचकीत वर्ख लावायचाच तर त्याच्यासमोर हवेची पोकळी राखावी, एरवी त्याचा परावर्तनाचा गुण वाया जातो. उन्हात मऊ पडून वास सोडणारे डांबरी पत्रे वर्ज्य समजावेत. पुढल्या दोन सुट्या फळ्यांच्या सांध्यांतील रबर झिजले असेल तर प्रथम तेच बदलावे, कारण फटीतून शिरणारा वारा कोणतेही अस्तर अडवू शकत नाही. बोल्ट आणि कड्या मोकळ्या राहतील अशी तजवीज करावी. छप्पर उतरवून मोकळ्या आकाशाखाली प्रवास करता यावा हाच या सुट्या छपराचा मूळ हेतू असल्यामुळे, ते उचलणे अशक्य व्हावे इतके वजन लादणारा बंदोबस्त कोणत्याही मालकाने मंजूर करू नये.