यात्रेतील मुक्काम : केदार-बदरीची वाट

पाचोडच्या रहिवाशास घृष्णेश्वराचे दर्शन दुर्लभ नाही. सकाळी निघावे, वेरूळचे कैलास लेणे पाहावे, देवदर्शन घ्यावे आणि दिवेलागणीस घरी परतावे. परंतु बारा ज्योतिर्लिंगांतील केदारनाथाची गोष्ट निराळी. ती इच्छा बहुधा घरातील वडीलधाऱ्यांच्या मनात असते, आणि ती बोलून दाखविताच मुलगे-सुना चिंतेत पडतात. आमच्या मते, प्रकृती ठीक असल्यास येथे वयाहूनही वेगाचा विचार अधिक करावयास हवा.

आपल्या महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई. त्याची उंची सुमारे ५,४०० फूट. केदारनाथ सुमारे ११,७५० फुटांवर आहे. तेथील प्रत्येक श्वासात आपल्याकडच्यापेक्षा जवळजवळ एकतृतीयांश प्राणवायू कमी मिळतो. शरीरास त्याची सवय होते. पण त्यास काही दिवस लागतात. पूर्वीचे यात्रेकरू हरिद्वारापासून पायी जात, त्यामुळे ही सवय वाटेतच होई. घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार करणाऱ्या अहल्याबाई होळकरांनी केदार-बदरीच्या यात्रेकरूंसाठीही धर्मशाळा बांधविल्या, त्या अशाच मुक्कामांसाठी. आज मोटार व हेलिकॉप्टर यांनी हे मुक्काम गिळून टाकले आहेत.

आणि खरे सौंदर्य तर मुक्कामांतच आहे. देवप्रयागास भागीरथी व अलकनंदा यांचा संगम होतो, आणि तेथून पुढे त्या प्रवाहास गंगा हे नाव मिळते. उखीमठ हे केदारनाथांचे हिवाळ्यातील स्थान. वर बर्फ पडले की तेथील ओंकारेश्वर मंदिरात त्यांची पूजा चालते. त्रियुगीनारायणास शिवपार्वतींचा विवाह झाला अशी श्रद्धा असून, त्या विवाहाचा अग्नी म्हणून तेथील धुनी अखंड तेवत ठेवली जाते.

गौरीकुंडापासून केदारनाथ सुमारे १६ किलोमीटरांची चढण आहे. घोडा वा डोली पायांचे श्रम वाचविते. विरळ हवेपासून मात्र सुटका करीत नाही. १६ व १७ जून २०१३ रोजी येथे महापूर येऊन हजारो माणसे दगावली. मंदिर मात्र उभे राहिले; पाठीमागे येऊन अडकलेली प्रचंड शिळा आज भीमशिला म्हणून पुजली जाते.

परतताना चोपत्यास थांबावे. तेथून पायवाटेने तुंगनाथ गाठता येते. सुमारे १२,००० फुटांवरील हे शिवालय पंचकेदारांपैकी एक होय. पुढे बदरीनाथास नीलकंठ शिखराचे दर्शन, तप्तकुंडातील स्नान आणि जवळच्या माणा गावातील भीमपूल हे चुकवू नये. येथील मुख्य पुजारी, म्हणजे रावळ, केरळातील नंबूद्री ब्राह्मण असतात. हिमालयातील देवाची पूजा दक्षिणेकडील हातांनी व्हावी, यातच आपल्या देशाचे ऐक्य दिसते.

मंदिरे वैशाखाच्या सुमारास उघडतात. केदारनाथाचे द्वार भाऊबीजेस बंद होते. जुलै-ऑगस्टमध्ये दरडी कोसळतात. म्हणून सप्टेंबरअखेरीस निघणे बरे. जाण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी व सरकारी नोंदणी करावी, आणि पंधरा दिवस तरी हाती ठेवावेत.

एक गोष्ट मात्र घरीच ठरवून निघावे. डोके दुखणे, मळमळ व निद्रानाश ही पहिली चिन्हे होत. ती दिसताच आणखी वर चढू नये. बसल्या जागी धाप लागली, तोल जाऊ लागला किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर तत्काळ खाली उतरावे. त्या वेळी कळस दृष्टीपुढे असतो. वडील परतावयास तयार होत नाहीत आणि मुलास त्यांचा शब्द मोडवत नाही. याकरिता परत फिरण्याचा निर्णय कोणी घ्यावयाचा, हे वडिलांनी स्वतःच सर्वांसमक्ष सांगून ठेवावे. घरच्या कर्त्या पुरुषाने धाकट्याची आज्ञा मानावी असा प्रसंग क्वचितच येतो. तो आला असता त्यात कमीपणा मानू नये.