दोन निरोप

खेळाडूला दोन आयुष्ये असतात: एक त्याचे स्वतःचे आणि दुसरे प्रेक्षकांनी त्याला दिलेले. पहिले साठ-सत्तर वर्षे चालते. दुसरे बहुधा पस्तिशीतच संपते. हे दुसरे आयुष्य संपण्याच्या दिवशी हजारो माणसे एकत्र जमतात, उभी राहून टाळ्या वाजवतात आणि ज्याच्याशी जन्मात कधी दोन शब्द बोलण्याचा योग आला नाही, अशा माणसासाठी डोळे पुसतात. शहाण्यासुरत्या लोकांना हा प्रकार पोरकट वाटतो. चेंडू जाळ्यात टाकणाऱ्या माणसाचे एवढे कौतुक कशाला, असे ते विचारतात. प्रश्न अगदीच निरर्थक नाही. पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न निराळा आहे. हे प्रेम कोणाच्या वाट्याला येते आणि कोणाच्या येत नाही? अमेरिकेतील बॉस्टन शहराने आपल्या दोन बास्केटबॉलपटूंना कसा निरोप दिला, हे पाहिले म्हणजे त्याचे उत्तर शोधावे लागते.

बॉस्टन ज्या मॅसॅच्युसेट्स राज्यात आहे, त्याच राज्यातील स्प्रिंगफील्ड गावी 1891 साली जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने फळांच्या टोपल्या सज्जाला टांगून हा खेळ सुरू केला. पुढे बॉस्टनच्या सेल्टिक्स संघाने तो वैभवाला नेला. 1950 साली या संघात बॉब कूझी नावाचा तरुण आला. आला म्हणण्यापेक्षा चिठ्ठीने पदरात पडला म्हणणे योग्य. कारण एक संघ मोडल्यावर त्याच्या तीन खेळाडूंची नावे टोपीत घालून काढण्यात आली आणि कूझीचे नाव बॉस्टनच्या वाट्याला आले. फ्रान्सहून आलेल्या गरीब आईबापांचा हा मुलगा. लहानपणी झाडावरून पडून उजवा हात मोडला, तेव्हा स्वस्थ न बसता त्याने डाव्या हाताने चेंडू खेळवण्याचा सराव केला. मोठेपणी दोन्ही हात सारखेच चालत आणि चेंडू कोठून कोणाकडे जाईल याचा प्रतिपक्षाला पत्ता लागत नसे. सहकाऱ्याला नेमका चेंडू देऊन गुण मिळवून देण्यात तो सलग आठ वर्षे साऱ्या देशात पहिला होता. स्वतः गुण मिळवणाऱ्यापेक्षा दुसऱ्याला मिळवून देणारा लोकांना इतका आवडावा, ही गोष्ट त्या लोकांनाही भूषणावह म्हटली पाहिजे.

17 मार्च 1963 रोजी बॉस्टन गार्डन या क्रीडागृहात त्याचा निरोपसमारंभ झाला. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची तार आली होती. कूझी भाषणास उभा राहिला खरा, पण वाक्य सुरू करावे आणि कंठ दाटून यावा, असे पुनःपुन्हा होऊ लागले. सात मिनिटांचे म्हणून योजलेले भाषण वीस मिनिटे रेंगाळले. अशाच एका असह्य शांततेत वरच्या सज्जातून एका साध्या कामगाराने खणखणीत आवाजात ओरडून सांगितले, ‘आमचे तुझ्यावर प्रेम आहे!’ त्यासरशी सारे सभागृह कडाडून उठले. या हाकेत पोरकट ते काय होते? दिवसभर राबणाऱ्या त्या माणसाने तेरा वर्षांच्या आनंदाची परतफेड आपल्याजवळ होते तेवढ्या नाण्याने केली. असे ऋण मानणारा समाज कृतघ्न समाजापेक्षा केव्हाही चांगला.

तथापि त्याच संघात त्या वेळी बिल रसेल खेळत होता. लुइझियानात जन्मलेला हा उंचापुरा निग्रो खेळाडू 1956 सालच्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवून संघात दाखल झाला आणि त्यानंतरच सेल्टिक्सची विजयपरंपरा सुरू झाली. कूझीप्रमाणे तोही तेराच वर्षे खेळला; त्या तेरा वर्षांत संघाने अकरा वेळा अजिंक्यपद जिंकले. 1966 साली तो खेळाडू असतानाच संघाचा मार्गदर्शकही झाला. या व्यावसायिक स्पर्धेत तो मान मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय होय. संघाचे आधारस्तंभ कोण, असे विचारले तर जाणकार प्रथम त्याचेच नाव घेतील.

पण क्रीडागृहाबाहेर त्याच्या वाट्याला काय आले? 1961 साली केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथे त्याच्या कृष्णवर्णीय सहकाऱ्यांना उपाहारगृहात खाणे नाकारले गेले. तेव्हा तो आणि त्याचे सोबती सामना न खेळताच परतले. हे दूरच्या दक्षिणेतील झाले. बॉस्टनजवळच्या ज्या रेडिंग गावात तो राहत होता, तेथील लोकांनी त्याचा सत्कार केला. आणि त्याच गावात दुसऱ्या आळीत घर घेण्याचे त्याने मनात आणताच तेथील रहिवाशांनी हरकतीचा अर्ज केला. एकदा तर घर फोडून त्याच्या पारितोषिकांची मोडतोड करण्यात आली आणि भिंतींवर त्याच्या वर्णावरून शिव्या लिहिण्यात आल्या. सत्काराला हार आणि शेजाराला नकार! असा हार गळ्यात काय शोभणार?

1969 साली लॉस एंजेलिस येथे अखेरचा सामना 108 विरुद्ध 106 गुणांनी जिंकून रसेल निवृत्त झाला आणि ही गोष्ट त्याने एका नियतकालिकात लेख लिहून जाहीर केली. निरोपाचा समारंभ झाला नाही. 12 मार्च 1972 रोजी त्याचा 6 हा क्रमांक सन्मानाने क्रीडागृहात टांगण्यात आला तो प्रेक्षकांसाठी दारे उघडण्यापूर्वी, रिकाम्या खुर्च्यांसमोर, मोजक्या सोबत्यांच्या साक्षीने. त्याची इच्छाच तशी होती. आपण सेल्टिक्ससाठी खेळलो, बॉस्टनसाठी नव्हे, असे तो मानीत असे.

पुष्कळांना यात अहंकार दिसला. त्यांचे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही. कारण सज्जात बसून त्याच्यावर निष्कपट प्रेम करणारी कितीतरी मुले त्या दिवशी बंद दाराबाहेर राहिली आणि त्यांचा काहीच अपराध नव्हता. परंतु दोष कोणाच्या पदरी अधिक घालायचा, हे ठरवणे अवघड नाही. निरोप हा काही एका संध्याकाळचा सोहळा नसतो. शेजारच्या घराचे दार, उपाहारगृहातील जागा, रस्त्यात भेटल्यावर नजर, अशा साध्या गोष्टींतून तो वर्षानुवर्षे आधीच दिला जात असतो. कूझी दिसण्यात, बोलण्यात त्या कामगारासारखाच होता. म्हणून त्याच्यासाठी ती हाक सहज उमटली. आपल्यासारख्यावर प्रेम करण्यास फारसे सायास लागत नाहीत.

कूझीचा यात अपराध होता असे नव्हे. एकदा नॉर्थ कॅरोलायनात हॉटेलवाल्यांनी चक कूपर या कृष्णवर्णीय सहकाऱ्याला खोली नाकारली, तेव्हा कूझी स्वतःची खोली सोडून त्याच्याबरोबर रात्रीच्या गाडीने निघून गेला होता.

26 मे 1999 रोजी बॉस्टनने आपली चूक सुधारण्याचा प्रयत्न केला. रसेलचा क्रमांक पुन्हा एकदा, या वेळी भरल्या सभागृहात, उंचावण्यात आला. लोक उभे राहिले आणि टाळ्या थांबेनात. पासष्टीच्या त्या ताठ माणसाच्या डोळ्यांत पाणी आले. 2013 साली नगरभवनाच्या चौकात त्याचा पुतळा बसवण्यात आला आणि 2022 साली त्याचे निधन झाल्यावर 6 हा क्रमांक सर्वच संघांनी कायमचा राखून ठेवला.

वयाची ऐंशी उलटल्यावर कूझीने रसेलला एक पत्र लिहिले. एकत्र खेळत असताना तुझ्या दुःखात मी अधिक वाटेकरी व्हायला हवे होते, अशा आशयाचे ते पत्र होते. पुष्कळ दिवस त्याचे उत्तर आले नाही.