तीन पावलांची मागणी

गेल्या पाडव्याला अंगणात रांगोळीचा बळीराजा काढून झाला आणि धाकट्या पुतणीने मला गाठले. "काका, शुक्राचार्यांनी आधीच बजावले होते ना? मग बळीने ऐकले का नाही?" मी मराठीचा प्राध्यापक. उत्तर देणे हा माझा धंदाच. दिलेला शब्द, दानशूरपणा असे काहीबाही सांगून मी वेळ मारून नेली. पण त्या प्रश्नाने मला एक कादंबरी आठवली, आणि तिच्या मागोमाग एक जुनी शरम.

दहा-बारा वर्षे झाली. वर्गात मागच्या बाकावर बसणारा एक विद्यार्थी प्रकल्पासाठी जयंत नारळीकरांची 'वामन परत न आला' घेऊन आला. मी पुस्तक चाळले आणि म्हणालो, "अरे, यात विज्ञान आहे, रहस्य आहे, पळापळ आहे. यात वाङ्मय कुठे आहे? दुसरे काहीतरी घे." त्याने मुकाट्याने दुसरे घेतले. आणि हे बोलणारा मी कोण? मामाच्या पेटीतले बाबूराव अर्नाळकर भूगोलाच्या पुस्तकात दडवून वाचणारा! झुंजारच्या पायी माझे सहामाहीचे मार्क गेले होते. पण एम.ए. झाले की माणसाला आपले लहानपण लपवावेसे वाटते, हेच खरे.

कादंबरी मी वाचली ती पुढे एका मे महिन्यात, तीही वेळ जाईना म्हणून. पुस्तक मिटले तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते.

आमच्या पारनेर तालुक्यात निघोजला कुकडीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. पाण्याबरोबर गरगरणाऱ्या दगडगोट्यांनी काळा खडक कोरून हे रांजण घडवले. कारण ठाऊक असते, तरी काठावर उभे राहिले की 'खाली काय असेल?' असे वाटल्यावाचून राहत नाही. ही कादंबरी याच कुतूहलाला हात घालते. गुरुत्वाकर्षणाच्या प्रयोगासाठी खोल खणताना जमिनीत एक भलीमोठी घनाकृती पेटी सापडते. एक पदार्थवैज्ञानिक, एक पुरातत्त्वज्ञ आणि एक संगणकतज्ज्ञ तिच्यामागे लागतात. पेटीत एका लोप पावलेल्या संस्कृतीचे ज्ञान साठवलेले असते. आपल्याहून कितीतरी पुढे गेलेली ती माणसे. मग ती नाहीशी कशाने झाली? त्या ज्ञानाच्या आधाराने एक यंत्रमानव घडवला जातो, त्याचे नाव वामन. त्याच्यावर डोळा ठेवणारी लबाड मंडळी ओघाने येतातच. तो भाग अर्नाळकरांच्या वाचकाला अगदी घरचा वाटेल. पात्रे थोडी पुस्तकी बोलतात, हेही सांगून टाकतो.

रहस्यकथेत खून कोणी केला, हे शोधायचे असते. इथे कोडे निराळे आहे. वामन हुशार आहे, कामसू आहे. त्याला हवी असते ती आपल्यासारखेच दुसरे वामन घडवण्याची विद्या. मागणी ऐकायला लहान. द्यायची की नाही? पुराण, विज्ञान आणि रहस्य यांची मोट नारळीकरांनी या एका प्रश्नाच्या दोराने बांधली आहे. पुढले मी सांगणार नाही. मराठी नावाने थोडे फोडलेच आहे. गंमत म्हणजे इंग्रजी अवताराचे नाव 'वामनाचे पुनरागमन' अशा अर्थाचे आहे!

लेखकाची स्वतःची पहिली कथाही वेष पालटूनच आली होती. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा कोणा नारायण विनायक जगतापांच्या नावाने आली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती मंगलाताई नारळीकरांनी लिहून काढली होती. पहिले बक्षीस मिळाले आणि मग जगताप कोण ते कळले. नाव पाहून मोठे म्हणू नये, एवढी काळजी त्या खगोलशास्त्रज्ञाने घेतली; मी मात्र जात पाहून पुस्तक परत पाठवले होते. पुढे २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. २० मे २०२५ रोजी ते गेले, तेव्हा मी कपाटातून 'वामन' पुन्हा काढला.

या खेपेस मला शुक्राचार्यच जास्त दिसले. आपण 'झारीतला शुक्राचार्य' ही शिवी करून ठेवली. पण त्या दरबारात बटूला ओळखले ते त्या एकट्याने, आणि दर्भाने डोळा फुटला तोही त्याचाच. आज माझ्या वर्गातले निम्मे निबंध यंत्राने लिहून दिलेले असतात. भाषा शुद्ध, विरामचिन्हे जागच्या जागी. पण गावातल्या आजीवरचा निबंध तीन मुलांचा एकसारखा! "सर, नुसती थोडी मदत घेतली," असे मुले म्हणतात. तीन पावलेच काय ती. यंत्र वाईट, असे मी म्हणत नाही. मीही त्याला दोन गोष्टी विचारून पाहिल्या आहेत. पण नको कुठे म्हणायचे, ते मला अजून नीट कळलेले नाही. ज्या दिवशी मी खात्रीने नको म्हणालो, त्या दिवशी चुकीच्या माणसाला म्हणालो.

तो विद्यार्थी गेल्या महिन्यात एस.टी. स्टँडवर भेटला. आता तोही एका शाळेत मराठी शिकवतो. चहा झाल्यावर मी हळूच म्हणालो, "त्या पुस्तकाच्या बाबतीत माझे चुकले रे."

तो हसला. "सर, मी ते परत करायच्या आधीच पुरे वाचले होते. शेवट सांगू?"

"नको," मी म्हणालो, "मीही वाचलाय."

गाडी लागली आणि तो धावत गेला.