बीजसंस्कार : ग्रंथाधार आणि शेतातील प्रचीती

पेरणीपूर्वी बियाणे कशात भिजवावे, हा प्रश्न शेतकरी आता कृषिसेवा केंद्राइतक्याच विश्वासाने वैद्याला आणि औषधी दुकानदारालाही विचारू लागला आहे. ‘संस्कार’ हा शब्द आपल्या शास्त्राचा असल्याने उत्तराची जबाबदारीही काही अंशी आपल्यावर येते. हे उत्तर उत्साहाने नव्हे, तर परीक्षेने द्यावे, असे आमचे मत आहे.

बारामती आणि इंदापूर तालुक्यांची दोन रूपे आहेत. नीरा डाव्या कालव्याखाली व उजनीच्या फुगवट्यालगत ऊस उभा असतो; सुपे-मोरगावकडील जिरायत पट्ट्यात मात्र रब्बी ज्वारी सरत्या ओलीवर पेरावी लागते. तेथे उगवण विरळ झाली तर दुबार पेरणीस ओल उरत नाही आणि दाण्याबरोबर कडबाही जातो. बीजसंस्काराचा खरा कस या पट्ट्यात लागतो.

त्यामागील कार्यकारण सोपे आहे. कोरडे बी मातीतून पाणी शोषण्यात जे तास घालवते, ते भांड्यातच भागवले तर वरचा थर सुकण्याआधी मूळ खाली उतरते. ज्वारी सुमारे १० तास, हरभरा सुमारे ८ तास साध्या पाण्यात भिजवून, सावलीत वरवर सुकवून त्याच दिवशी पेरावा. पाण्यात अल्प प्रमाणात जस्त मिसळल्याचा लाभ गहू-हरभऱ्यात प्रयोगांनी दिसला आहे. मात्र द्रावण तीव्र झाल्यास अंकुरच दुखावतो. मर्यादेपेक्षा अधिक भिजलेले बी ओलीची वाट न पाहता फुटते व मरते. सोयाबीनची साल नाजूक, म्हणून ते भिजवू नये. इसबगोल आणि तुळस यांचे बी पाण्यात बुळबुळीत होऊन एकमेकांस चिकटते, हे आपल्याला वेगळे सांगावयास नको.

आता ग्रंथांविषयी. कौटिल्याने धान्यबीजांस सात रात्री दव व दिवसा ऊन देण्यास सांगितले आहे. उसासारख्या कांडीच्या छेदास मध, तूप, डुकराची चरबी व शेण यांचा लेप सांगितला आहे. वराहमिहिराने बृहत्संहितेत दहा दिवस दुधाने ‘भावित’ बीज सांगितले. येथे वैद्याची दृष्टी उपयोगी पडते. भावना म्हणजे दहा दिवस बुडवून ठेवणे नव्हे. भिजवणे व सुकवणे यांची ती आवृत्ती आहे. कौटिल्याच्या दव-उन्हातही हाच क्रम आहे. सुरपालाचा वृक्षायुर्वेद १९९६ साली इंग्रजी अनुवादासह प्रसिद्ध झाल्यापासून अशा वचनांचा आधार वारंवार घेतला जातो. परंतु ग्रंथातील वचन हे प्रयोगाचे निमंत्रण आहे, प्रयोगाचा निष्कर्ष नव्हे.

म्हणूनच ‘वृक्षायुर्वेदोक्त’ एवढ्या एका शब्दावर बीजसंस्काराच्या बाटल्या विकण्यास आमचा विरोध आहे. शेतकऱ्याला जो लाभ दिसतो, तो अर्काचा की नुसत्या पाण्याचा, हे ठरल्याशिवाय त्याचे मूल्य घेण्याचा अधिकार आपणांस पोहोचत नाही. गुण पाण्याचा असेल तर तो फुकट सांगावा. उसाच्या टिपरीसाठी अ‍ॅसिटोबॅक्टर व स्फुरद विरघळविणाऱ्या जीवाणूंच्या द्रावणात ३० मिनिटे बुडवण्याची शिफारस आधीच प्रचलित आहे. तिच्या जागी अपरीक्षित काढा सुचवणे गैर होय.

आमची सूचना अशी. अश्वगंधा, शतावरी यांसारखी कच्ची द्रव्ये पुरविणारा एकेक शेतकरी प्रत्येक औषधनिर्मात्याने सोबत घ्यावा. एकाच पिशवीतील बियाण्याच्या तीन ओळी, एक कोरडी, दुसरी साध्या पाण्याची, तिसरी संस्काराची, एकाच दिवशी पेराव्यात आणि ठरलेल्या दिवशी रोपे मोजावीत. एका ओळीवरून निर्णय करू नये; निदान तीनदा आवृत्ती करावी. शारदानगरचे कृषी विज्ञान केंद्र व माळेगाव खुर्दची अजैविक ताण व्यवस्थापन संस्था जवळच आहेत. त्यांचा सल्ला घ्यावा. रसायन लावलेले बी व त्याची भांडी औषधशाळेबाहेरच ठेवावीत.

फरक दिसला नाही तरी तो अनुभव या त्रैमासिकाकडे पाठवावा. रुग्णास अपथ्य सांगणे जसे आपले कर्तव्य, तसेच शेतकऱ्यास निरुपयोगी खर्चापासून वाचवणे हेही आहे.